रास तनुराचं ऊन आणि ‘ग्रोथ फॅक्टर’ची बाटली

रास तनुराच्या रिफायनरीत नोकरी, शुक्रवारी खोबरच्या मॉलमध्ये खरेदी; आखातातल्या मराठी घरांचा हा नेहमीचा क्रम. त्या खरेदीत एखादं महागडं ‘ग्रोथ फॅक्टर सीरम’ आलं, की ते चोळल्यावर त्वचेत कोलॅजन भरतं असा समज सोबत येतो.

मुळात ग्रोथ फॅक्टर म्हणजे कोलॅजन नव्हे. ही पेशींना हुकूम पोचवणारी प्रथिनं. कोलॅजन तयार करतात त्वचेच्या आतल्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी. तीन साखळ्या एकमेकींत वळलेली त्याची रचना १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. फायब्रोब्लास्ट पेशींना कामाला लावतात टीजीएफ-बीटा, पीडीजीएफ वगैरे ग्रोथ फॅक्टर. बाटल्यांवर मिरवणारं ईजीएफ मुख्यतः वरच्या थराच्या पेशी वाढवतं. स्टॅन्ली कोहेन यांना त्याचा माग लागला तो उंदरांच्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले म्हणून! १९८६ चं नोबेल त्यांना रीटा लेव्ही-मोंतालचिनी यांच्यासह मिळालं.

‘चांगलं असलं की ते आत मुरतंच’ हेही खरं नाही. धडधाकट त्वचेतून वजनाने साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहसा जात नाही. ईजीएफ सुमारे ६,००० डाल्टनचं, टीजीएफ-बीटा २५,००० चं. बंद दारावर टपाल ठेवून जावं तशी ही गत. जखमेचं वेगळं, तिथे दार उघडंच असतं. म्हणून पीडीजीएफच्या जेलला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली ती मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी. हैदराबादच्या भारत बायोटेकचं ईजीएफ जेलही अशाच जखमांवर वापरतात. सीरमने सुरकुत्या कमी झाल्याचे अभ्यास आहेत, पण बहुतेक छोटे. शिवाय सीरममधला ओलावाच चेहरा तात्पुरता टवटवीत करतो.

सुटीत गावी जाऊन पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) करून घेणारेही आहेत. आपल्याच रक्तातल्या, ग्रोथ फॅक्टर असलेल्या प्लेटलेट सुईने आत गेल्यामुळे दाराची अडचण उरत नाही, पण तयार करण्याची पद्धत दवाखान्यागणिक बदलते, मग गुण सारखा कसा येणार? आणि जास्त कोलॅजन म्हणजे जास्त तारुण्य असंही नाही. जखमेवर कोलॅजन बेसुमार साचलं की केलॉइड होतो, तोही आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत अधिक.

माझ्या मते खरा घोटाळा उन्हाबद्दल आहे. ‘आम्ही दिवसभर एसीत, आम्हाला कुठलं ऊन?’ खोबरचा रस्ता तासाभराचा आणि गाडीच्या बाजूच्या साध्या काचेतून यूव्हीए किरणं बरीचशी आत येतात. जानेवारीत समुद्रावर हवा गार असते, किरणं असतातच. त्यांचा तापमानाशी संबंध नाही. ऊन लागल्यावर काही तासांतच त्वचेत कोलॅजन तोडणारी विकरं वाढतात. एवढंच नव्हे, टीजीएफ-बीटाचा हुकूम टिपणारे पेशींवरचे ग्राही घटतात. म्हणजे बाटलीतून मागवायचं तेच काम ऊन बंद पाडतं. सावळ्या रंगाने सुरकुत्या उशिरा पडतात, काळे डाग मात्र चुकत नाहीत.

तेव्हा आधी सनस्क्रीन आणि टोपी, मग डॉक्टरांना विचारून रात्री ट्रेटिनॉइनचं मलम. कोलॅजन वाढवण्याबाबत त्याचा पुरावा सीरमपेक्षा भक्कम आहे. फक्त गरोदरपणात ते लावायचं नाही.