ॲपचे दफ्तर

एखादी सहकारी पतसंस्था, द्राक्षबागायतदारांचा संघ किंवा तालुक्याच्या गावचे जुने वाचनालय आपल्या सभासदांसाठी मोबाइल ॲप काढण्याचे ठरवते, तेव्हा संचालक मंडळाच्या सभेत चर्चा रंगते ती बोधचिन्हाच्या रंगाची, पहिल्या पडद्यावर अध्यक्षांचे छायाचित्र असावे की नसावे याची आणि फार तर कंत्राटाच्या रकमेची; परंतु ज्या तीन-चार बाबींवर त्या ॲपचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते, म्हणजे खाते कोणाच्या नावाने उघडले, स्वाक्षरीची किल्ली कोणाच्या ताब्यात राहिली, माहितीचे कोठार कोणत्या शहरात मुक्रर झाले, त्या बाबी ॲप बांधणारा तरुण आपल्या संगणकावर परस्पर उरकून टाकतो आणि सभेच्या इतिवृत्तात त्यांचा उल्लेखही येत नाही. यांपैकी काही निर्णय मागाहून फिरवता येत नाहीत. काही फिरवता येतात, पण मोठ्या जिकिरीने. संगणकशास्त्रात काडीचाही रस नसलेल्या संचालकाने ते समजून घ्यावेत इतके ते महत्त्वाचे आहेत, आणि समजून घेऊ लागले असता त्यांच्या पोटात गणित, पदार्थविज्ञान आणि थोडा व्यापाराचा इतिहासही सापडतो.

ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी अवघ्या ५०० ॲप्सनिशी उघडले, आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला गूगलची अँड्रॉइड मार्केट ही पेठ सुरू झाली. मार्च २०१२ पासून तिला गूगल प्ले म्हणतात. दोन्ही पेठांचा शिरस्ता असा की माल मांडण्यापूर्वी विक्रेत्याने आपली नोंद करावी. गूगल त्यासाठी एकदाच २५ डॉलर घेते; ॲपल दरसाल ९९ डॉलर घेते आणि भरणा चुकला तर ॲप दुकानातून उतरवते. रक्कम मोठी नाही, पण पहिला अडथळा तेथेच येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावरील परदेशी व्यवहार बंदच असतात आणि खातेदाराने ते आपणहून सुरू करावे लागतात. संस्थेच्या कार्डाने ही एवढीशी रक्कम भरण्याची खटपट फसते, आणि मग ‘तूर्त माझ्या कार्डावरून भरतो, मागून बघू’ असे म्हणून कंत्राटदार पैसे भरतो व खातेही स्वतःच्याच नावाने उघडतो. संस्थेचे ॲप दुसऱ्याच्या मालकीचे होते ते बहुधा असे, कोणाच्याही मनात कपट नसताना.

खाते व्यक्तीच्या नावाने काढता येते किंवा संस्थेच्या. संस्थेला ॲपल आणि गूगल दोघेही डन ॲण्ड ब्रॅडस्ट्रीट या अमेरिकी कंपनीने दिलेला नऊ आकडी डन्स क्रमांक मागतात, आणि येथे वाचकाला एकदम एकोणिसाव्या शतकात उतरावे लागते. १८३७ च्या आर्थिक अरिष्टाने अमेरिकेतील पेढ्यांमागून पेढ्या बसल्यानंतर लुईस टॅपन या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने, जो गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतही आघाडीवर होता, १८४१ मध्ये मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावचे वार्ताहर, ज्यांत वकिलांचा भरणा मोठा होता, तेथील व्यापाऱ्यांची पत आणि चालचलन यांविषयी अहवाल धाडीत आणि कारकून ते जाडजूड वह्यांत उतरवून घेत. त्याच वह्यांचा वारसा सांगणाऱ्या कंपनीने १९६३ मध्ये हा क्रमांक प्रचारात आणला. संस्थेचे नोंदणीपत्र, पत्ता, दूरध्वनी यांची रुजुवात होऊन क्रमांक हाती पडेपर्यंत दिवस जातात, म्हणून घाईत व्यक्तिगत खात्याचा मोह होतो. परंतु १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या व्यक्तिगत खात्यांवर गूगलने अशी अट घातली आहे की ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी निदान १२ परीक्षकांनी (प्रथम ही संख्या २० होती) ते सलग १४ दिवस चाचणीत ठेवले पाहिजे, आणि संस्थेच्या खात्याला ही अट नाही. तेव्हा कागदांना दिलेले दिवस वाया गेले असे समजू नये. शिवाय कंत्राटदाराच्या खात्यात दहा गिऱ्हाइकांची ॲप्स असली आणि एकाच्या गैरवर्तनावरून ते खाते रद्द झाले, तर उरलेल्या नऊ निरपराधांनाही तोच हुकूम लागू होतो.

स्वाक्षरीच्या प्रकरणात मात्र खरी मौज आहे. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब उमटवले जाई, जेणेकरून हुकूम कोणाचा हे वरून कळावे आणि खाली कोणास पदरची ओळ घुसडता येऊ नये. ॲपवरील डिजिटल स्वाक्षरी ही दोन्ही कामे एकाच आकड्याने करते. प्रथम संपूर्ण फाइल एसएचए-२५६ नावाच्या गणिती प्रक्रियेतून काढतात. फाइल ४ मेगाबाइटची असो की ४०० ची, तिच्यातून शून्य आणि एक यांची २५६ स्थानांची एकच सारसंख्या बाहेर पडते, आणि मूळ फाइलमधील एक स्वल्पविराम जरी बदलला तरी त्या स्थानांपैकी सुमारे निम्म्यांचा पालट होतो. मग या सारसंख्येवर गुप्त किल्लीने क्रिया करतात. किल्ल्या जोडीने निर्माण होतात, एक गुप्त व एक जाहीर. गुप्त किल्लीने जे घडवले त्याची सत्यता जाहीर किल्लीने कोणालाही तपासता येते, परंतु जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली काढणे व्यवहारात अशक्य असते. ही कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुढल्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या त्रयीने तिला प्रत्यक्ष रूप दिले. दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार क्षणात होतो, पण ६१७ अंकी गुणाकार समोर ठेवून त्या मूळसंख्या शोधा म्हटले तर आजचा कोणताही संगणक हात टेकतो, या एका विषमतेवर ती सारी इमारत उभी आहे. ब्रिटिश सरकारच्या गुप्तसंदेश खात्यातील क्लिफर्ड कॉक्स याला हीच युक्ती १९७३ मध्येच सुचली होती. ती १९९७ पर्यंत दफ्तरात बंद राहिली, आणि सरकारी गोपनीयतेने एखाद्याचे श्रेय कसे गिळावे याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

ॲपची नवी आवृत्ती आली की सभासदाच्या हातातील अँड्रॉइड फोन जुन्या स्वाक्षरीशी ती ताडून पाहतो, आणि किल्ली निराळी निघाली तर आवृत्ती नाकारतो; त्यावर अपील नाही. म्हणूनच पूर्वी दोन-तीन किलोबाइटची ती किल्लीची फाइल बिघडलेल्या संगणकाबरोबर गेली की ॲपची सुधारणा कायमची खुंटे, आणि नव्या नावाने दुसरे ॲप काढून प्रत्येक सभासदाला विनवावे लागे. २०१७ पासून गूगलने मुख्य किल्ली आपल्या कोठारात ठेवण्याची सोय केली आणि ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲप्सना ती सक्तीची झाली. बांधणाऱ्याकडे आता केवळ फाइल चढवण्याची दुय्यम किल्ली राहते, आणि ती हरवली तर अर्ज करून बदलून मिळते. परंतु या सोयीतून एक नवा घोटाळा उपजला. गूगलच्या खात्याने प्रवेश देणारे ॲप फायरबेस या गूगलच्याच सेवेत नोंदवताना किल्लीचा ठसा, म्हणजे चाळीस अक्षरी एसएचए-१ संख्या, द्यावी लागते. तरुण आपल्या संगणकावरील किल्लीचा ठसा देतो, त्याच्या फोनवर सारे सुरळीत चालते, आणि उद्घाटनाच्या दिवशी प्ले स्टोअरवरून ॲप उतरवलेल्या एकाही सभासदाला आत जाता येत नाही, कारण त्यांच्या प्रतीवर स्वाक्षरी असते गूगलकडील किल्लीची आणि तिचा ठसा कोणी नोंदवलेलाच नसतो. उपाय सोपा आहे. गूगल प्लेवरील विक्रेत्याच्या खात्यातून, म्हणजे प्ले कन्सोलमधून, तो दुसरा ठसा उचलून फायरबेसमध्ये जोडावा.

फायरबेस ही जेम्स टॅम्प्लिन आणि अँड्र्यू ली यांनी २०११ मध्ये काढलेली आणि २०१४ मध्ये गूगलने विकत घेतलेली क्लाउड सेवा. सभासदांची नोंद, माहितीचा साठा, फोनवर धाडायच्या सूचना हे सर्व ती सांभाळते. क्लाउड म्हणून जो म्हणतात तो अर्थातच आकाशात नसतो. तो वीज, थंड हवा आणि डिझेलची जनित्रे यांवर चालणाऱ्या इमारतींत असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. ठिकाण कोणते हे प्रकल्पाच्या आरंभी विचारले जाते, आणि फायरस्टोअर या साठ्यासाठी एकदा दिलेले उत्तर मागाहून बदलता येत नाही. पुढे आलेला पर्याय न पाहता स्वीकारला आणि साठा अमेरिकेत आयोवा राज्यात गेला असे समजा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. मुंबई ते आयोवा सरळ रेषेनेही सुमारे १३,००० किलोमीटर, म्हणजे जाऊन येण्यास निदान १३० मिलिसेकंद, आणि समुद्रतळीच्या तारांचा वळसा धरता याहून पुष्कळ अधिक. एका पडद्यासाठी ॲपने एकामागून एक पाच प्रश्न विचारले की सेकंद गेला, आणि तो वेळ कितीही महागडा फोन घेतला तरी परत मिळत नाही. नाशिकच्या सभासदाचा मुंबईतील साठ्याशी हाच व्यवहार डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी होतो.

साठा उघडताना चाचणीची मुभा घेतली तर पहिले ३० दिवस कोणीही वाचावे, कोणीही लिहावे असा नियम असतो. ३० दिवसांनी दार आपोआप मिटते, ॲप बंद पडते, आणि घाबरलेला बांधणारा योग्य नियम लिहिण्याऐवजी तारीखच पुढे ढकलतो. सभासदांचे भ्रमणध्वनी क्रमांक आणि कर्जाचे तपशील जगापुढे उघडे पडतात ते बव्हंशी अशा ढिलाईने. देयकाचा हिशेबही आधी मांडून पाहावा. दररोज ५०,००० वाचने विनामूल्य मिळतात, आणि प्रत्येक नोंद हे एक वाचन. ५०० सभासदांची यादी १०० जणांनी एकेकदा उघडली की दिवसाचा वाटा संपला. तो दिवसही कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री पालटतो, म्हणजे आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे दुपारी साडेबारा किंवा दीड वाजता. पैसे भरण्याची योजना घेतली असल्यास खर्चमर्यादेचा इशारा अवश्य लावावा, मात्र तो केवळ पत्र पाठवतो, खर्च थांबवत नाही, हे ध्यानात असावे.

तेव्हा संचालकांस विनंती अशी की कंत्राटावर सही करण्यापूर्वी एक ठराव मंजूर करावा: दोन्ही पेठांतील आणि क्लाउडवरील खाती संस्थेच्या नावाने व संस्थेच्याच ईमेलने उघडली जातील, कंत्राटदारास त्यांत मर्यादित अधिकाराचा सदस्य म्हणून घेतले जाईल, ॲपच्या कायम नावात, जे प्रसिद्धीनंतर बदलत नाही, कंत्राटदाराच्या कंपनीचे नाव येणार नाही, साठा मुंबईत राहील, आणि दुय्यम किल्लीची एक प्रत व तिचा परवलीचा शब्द संस्थेच्या तिजोरीत मोहोरबंद राहील.