मेंदूचे आकस्मिक विकार व शिक्षकांचे प्रथम कर्तव्य

प्रार्थना संपून हजेरी सुरू व्हावी, आणि तेवढ्यात रांगेतील एखादा मुलगा ताठ होऊन धाडकन खाली पडावा, असा प्रसंग कोणत्याही शाळेत येऊ शकतो. मुलाचे डोळे वर जातात, दातखीळ बसते, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडातून फेस येतो. इतर मुले भयभीत होऊन मागे सरतात. कोणी चप्पल हुंगवण्यास धावतो, कोणी कांदा फोडतो, तर कोणी दातांत चमचा सारू पाहतो. अशा वेळी सर्वांची दृष्टी गुरुजींकडे किंवा बाईंकडे वळते. डॉक्टर काही मैलांवर असतात. शिक्षक मात्र जागेवर असतात. यास्तव पहिल्या काही मिनिटांत काय करावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

घाई कशासाठी?

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच असते. परंतु शरीर विश्रांतीच्या काळी जेवढा प्राणवायू वापरते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू खर्च करतो. हा प्राणवायू आणि साखर साठवून ठेवण्याची सोय मेंदूत नाही. रक्ताचा पुरवठा पूर्णपणे थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि चार-पाच मिनिटांत कायमची हानी होऊ लागते. हाताचे मोडलेले हाड पुन्हा सांधते. मेंदूतील मेलेल्या पेशी तशा पुन्हा उभ्या राहत नाहीत. म्हणून रोग कोणताही असो, शिक्षकाचे पहिले काम एकच : श्वासाची वाट मोकळी ठेवणे.

प्रथम काय पाहावे?

मूल बेशुद्ध दिसताच त्याचा श्वास चालतो की नाही हे दहा सेकंद निरखून पाहावे. श्वास चालत असेल व मानेस दुखापत झाल्याचा संशय नसेल, तर त्यास एका कुशीवर निजवावे, वरचा गुडघा पुढे दुमडावा आणि तोंड किंचित खाली झुकेल असे ठेवावे. त्यायोगे लाळ व ओकारी बाहेर वाहून जाते, घशात अडकत नाही. श्वास बंदच असेल तर मदतीसाठी हाक मारून छातीच्या मध्यभागी दाब देण्यास तत्काळ आरंभ करावा. दाबांची गती मिनिटाला १०० ते १२० असावी. तोंडाने श्वास देता येत असेल तर दर ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत.

त्यानंतर शुद्धीची पायरी ठरवावी. मूल स्वतःहून जागे आहे. हाक मारल्यावर उत्तर देते. चिमटा काढल्यावरच हालचाल करते. कशालाही दाद देत नाही. अशा या चार पायऱ्या आहेत. पहिल्यांदा कोणती पायरी होती आणि दहा मिनिटांनी कोणती झाली, हे वेळेसह कागदावर टिपावे. उतरती पायरी हा धोक्याचा सर्वांत स्पष्ट इशारा होय, आणि डॉक्टरांस या टिपणाचा फार उपयोग होतो.

आकडी किंवा फेफरे

मेंदूतील पेशींमध्ये विद्युत्प्रवाहाचा अकस्मात लोंढा उठला म्हणजे आकडी येते. ती भूतबाधा नव्हे, संसर्गजन्यही नव्हे. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. चप्पल अथवा कांदा हुंगवल्यामुळे त्या थांबल्या असा समज होतो, याचे कारण एवढेच की त्या तशाही थांबणारच होत्या.

आकडी आलेल्या मुलाजवळील बाके, दगड, दप्तरे दूर सारावीत. डोक्याखाली घडी केलेले कापड ठेवावे. गळ्याजवळचे बटण सैल करावे. घड्याळ पाहून वेळ नोंदवावी. झटके थांबताच कुशीवर वळवावे आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत जवळ बसावे. झटके चालू असताना हातपाय दाबून धरू नयेत. दातांत चमचा, पट्टी वा बोट घालू नये. जीभ गिळली जाते हा समज खोटा आहे. उलट चमच्याने दात मोडतात व तुकडा श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाण्याचा घोटही देऊ नये. झटका चालू असता ओठ क्षणभर निळसर होतात, त्याने घाबरून जाऊ नये.

आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली, शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरी आली, ती मुलाच्या आयुष्यातील पहिलीच असली, पाण्यात असताना आली, किंवा पडताना डोक्यास मार लागला, तर रुग्णवाहिका त्वरित बोलवावी. मुलाच्या डॉक्टरांनी नाकात फवारण्याचे औषध लिहून दिलेले असेल व ते शाळेत ठेवलेले असेल, तर त्यांच्या लेखी सूचनेप्रमाणे वापरावे. मधुमेहाचे इन्शुलिन घेणारे मूल घामाघूम होऊन बरळू लागले, तर साखर उतरल्याची शंका घ्यावी. ते गिळू शकत असेल तरच साखरेचे पाणी द्यावे.

अंगणवाडीच्या वयात, म्हणजे सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, तापाच्या भरात आकडी येऊ शकते. तिचा उपचार वरीलप्रमाणेच करावा. तापाबरोबर मान ताठ होणे, सारख्या ओकाऱ्या होणे, उजेड सहन न होणे किंवा मूल गुंगून जाणे ही लक्षणे दिसली, तर मेंदूच्या आवरणाचा दाह झालेला असू शकतो. तेथे एक रात्र वाट पाहणेही घातक ठरते.

आकडीचा शांत प्रकार

एक प्रकार असा आहे की त्यात मूल पडत नाही, झटके देत नाही. वाचता वाचता ते मध्येच थांबते, पाच-दहा सेकंद शून्यात पाहते, पापण्या किंचित फडफडतात, आणि जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे वाचू लागते. हे दिवसातून अनेक वेळा घडू शकते. अशा मुलास लक्ष न देणारे म्हणून छडी वा टोमणे मिळतात, आणि अभ्यासात ते मागे पडत जाते. आईबाप शेतावर असतात; हा विकार प्रथम दिसतो तो वर्गातच. हाक मारून किंवा खांद्यास स्पर्श करूनही त्या क्षणी मूल भानावर येत नसेल, तर ते दुर्लक्ष नसून आजार असण्याचा संभव आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक शाळेत येईल तेव्हा असे मूल आवर्जून दाखवावे.

डोक्याला मार

चिंचेच्या झाडावरून पडलेला मुलगा उठून उभा राहतो, कपडे झटकतो आणि हसत वर्गात येतो. सर्वांस हायसे वाटते. परंतु कानशिलाजवळचे हाड पातळ असते व त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. ती फाटली तर कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाते. प्रारंभी मूल ठीक दिसते. काही वेळाने डोके अधिकाधिक दुखू लागते, ओकाऱ्या होतात, गुंगी येते. दमून झोपले असे समजून घरचे लोक त्यास झोपू देतात, आणि शस्त्रक्रियेने वाचू शकणारे मूल हाती लागत नाही.

म्हणून डोक्यास मार लागलेल्या मुलास एकटे घरी पाठवू नये. पालकांस बोलावून पुढील धोक्याची चिन्हे तोंडी सांगावीत व लिहूनही द्यावीत : वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा ओकारी, न उतरणारी गुंगी, बरळणे, आकडी, एका बाजूच्या हातापायांत अशक्तपणा, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव अथवा रक्त येणे. यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. निदान २४ तास मुलावर लक्ष ठेवावे. झोपल्यास हरकत नाही, परंतु रात्री अधूनमधून उठवून नाव विचारावे. नाकाकानातून द्रव येत असल्यास बोळा कोंबू नये.

उंचावरून पडलेल्या बेशुद्ध मुलाच्या मानेसही इजा झाली असे धरूनच चालावे. त्यास उचलून पाठुंगळी घेणे वा बसते करणे अत्यंत धोक्याचे आहे. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. ओकारी झाल्यास तीन-चार जणांनी डोके, मान व धड एका रेषेत ठेवून सर्व शरीर एकदम कुशीवर वळवावे.

मण्यारीचा दंश

पावसाळ्यात जमिनीवर निजणाऱ्या घरांत मण्यार रात्री अंथरुणात शिरते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही, दाताची खूणही सापडत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणते. शाळेत आल्यावर त्याच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, बोलणे अस्पष्ट होते, गिळता येत नाही. शिक्षकास वाटते, रात्री झोप झाली नसावी. वस्तुतः विष मज्जातंतूंचा स्नायूंवरील ताबा सोडवीत असते, आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थांबतात.

अशा मुलास चालवू नये. निजवून, दंशाचा अवयव हलू न देता, रुग्णालयात न्यावे. आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे, विष चोखणे, मंत्र घालणे यांत वेळ दवडू नये. भारतात तयार होणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. साप मारून आणण्याची आवश्यकता नाही. वाटेत श्वास मंदावला तर तोंडाने श्वास देत राहावे. मूल निपचित पडले म्हणून मेले असे समजू नये : स्नायू लुळे पडले तरी आत शुद्ध शाबूत असू शकते, आणि श्वास चालू ठेवल्यास असे रुग्ण पूर्ण बरे होतात.

पक्षाघात

हा विकार विशेषतः प्रौढांचा. तथापि दुपारी घरी आजोबांजवळ अनेकदा नातवंडेच असतात. म्हणून त्याची परीक्षा मुलांसच शिकवावी. हसण्यास सांगावे : तोंड एका बाजूस वाकडे होते काय? दोन्ही हात वर धरण्यास सांगावे : एक हात खाली येतो काय? एक वाक्य म्हणण्यास सांगावे : बोबडे येते काय? तिन्हींपैकी एकही खूण अकस्मात दिसली तर वेळ पाहावी व मदत बोलवावी.

रक्ताची गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. मोठ्या वाहिनीत गुठळी अडकली असता दर मिनिटास सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. रक्तस्रावाने झालेल्या पक्षाघातात मात्र तेच इंजेक्शन घातक ठरते. दोहोंतील भेद सीटी स्कॅनवाचून कळत नाही. म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे, घरचे औषध, ॲस्पिरिन, अन्न वा पाणी देऊ नये, आणि रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ सांगावी. तेल चोळण्यात गेलेला तास परत येत नाही.

शाळेची पूर्वतयारी

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. दूरध्वनी करताना काय झाले, केव्हा झाले, श्वास व शुद्ध कशी आहे, आणि शाळेपर्यंत येण्याची ठळक खूण कोणती, हे क्रमाने सांगावे. हा क्रमांक, प्राथमिक आरोग्य केंद्राचा क्रमांक, गावातील वाहनधारकाचा क्रमांक व सीटी स्कॅन असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव दर्शनी भिंतीवर लिहावे. आकडी, मधुमेह वा अन्य जुना आजार असलेल्या मुलांची नोंद वर्षारंभीच पालकांकडून घ्यावी. आपल्याकडे आकडीचे एक प्रमुख कारण म्हणजे मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या अळ्या. त्यांची अंडी माणसाच्या विष्ठेतून हातावर व भाज्यांवर येतात, म्हणून शाकाहारी माणसासही हा आजार होतो. शौचालयाचा वापर व साबणाने हात धुण्याची सवय हा यावरील खरा प्रतिबंध होय.

अखेरची गोष्ट आकडी थांबल्यानंतरची. शुद्धीवर आलेले मूल गोंधळलेले असते. कित्येकदा त्याची लघवी झालेली असते. अंगावर चादर टाकावी, गर्दी हटवावी, कपडे बदलवावेत. मग वर्गास शांतपणे समजावून द्यावे की हा आजार औषधाने आटोक्यात येतो. विवाहाच्या कायद्यात १९७६ साली घातलेला अपस्माराचा अडसर १९९९ साली काढून टाकण्यात आला. परंतु गावाच्या मनातील अडसर कायद्याने निघत नाही. आकडी येते म्हणून एखाद्या मुलीचे नाव शाळेतून काढले गेले, तर आजाराने झाली नसती एवढी हानी त्या एका निर्णयाने होते. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत यावी, तिच्या नेहमीच्या जागी बसावी आणि हजेरीला तिने ‘हजर’ म्हणावे, येथपर्यंत शिक्षकाचा प्रथमोपचार पोहोचला पाहिजे.