काळजी कोठे लपते?



कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलावयाचे सोडून मनाच्या काळजीवर काय बोलणार, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. मी डॉक्टर नव्हे. शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. जे थोडे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात. पण तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर माणसे पाहिली, आणि त्यांतला एक मला ओळखता आला नाही. आजचे बोलणे त्याच्यामुळे आहे.

तो एका कारखान्यात लेथवर होता, कंत्राटी. वर्षात एक खाडा नाही. पाळीच्या अर्धा तास आधी हजर. मोजलेला जॉब पुन्हा मोजणार, जाताना कुलूप तीनदा ओढून पाहणार. द्वारसभेत मी त्याचे नाव घेऊन म्हणालो, "कामगार असावा तर असा!" दोन महिन्यांनी रात्रपाळीत त्याची छाती धडधडू लागली, घाम फुटला, श्वास पुरेना. रुग्णालयात तपासले, हृदयात दोष निघाला नाही. मी पाठीवर थाप मारून म्हटले, "काही नाही रे, गॅस झाला असेल." तेव्हा त्याची बायको हळूच म्हणाली, "भाऊ, चार महिने झाले, हे रात्री तीनला उठून बसतात. कंत्राट संपतंय ना."

ज्याला मी गुण म्हणून मिरवले, ती धास्ती होती.

काळजी वाईट नव्हे. ती नसती तर मुलाची फी वेळेवर कोणी भरली नसती. पण संकट दिसले की शरीरात काय घडते, ते वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय वेगाने चालते, स्नायू ताठतात, पचन मंदावते. शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत उभे राहते. आपल्या भाषेने हे केव्हाच टिपले आहे: पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, काळजाचा ठोका चुकतो. समोर वाघ असो की कंत्राटाचा कागद, तयारी तीच. वाघ निघून जातो. कागदावरची तारीख मात्र रात्रंदिवस उशाशी असते.

म्हणून काळजी "मला काळजी वाटते" असे म्हणत येत नाही; वेष पालटून येते. कोणाला ती पित्त, डोकेदुखी, आखडलेली मान होऊन भेटते. कोणी गॅसचे बटण पुन्हा पुन्हा पाहतो. कोणी बँकेचे पत्र न फोडताच फळीवर ठेवतो, फोन वाजला तरी उचलत नाही. त्याला आपण बेफिकीर म्हणतो. शांत माणूस ताटातल्या मिठावरून मुलांवर खेकसतो. चहा आणि तंबाखू वाढते, आणि त्यांनीच छाती अधिक धडधडते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. छातीतली प्रत्येक कळ मनाची नव्हे. रक्त कमी असले किंवा गळ्यातील थायरॉईड ग्रंथी बिघडली तरी अशीच धडधड होते. म्हणून आधी डॉक्टर. मात्र शरीरात दोष न निघाला, तर "काहीच नाही" असे म्हणून माणसाला घरी पाठवू नका. काहीतरी असतेच. झोप, भूक आणि स्वभाव यांत पडलेला फरक आठवडेच्या आठवडे टिकला, तर मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात लाज कसली? सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा 2022 पासून चालू आहे; 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

आणि विचारावे कसे? "टेन्शन आहे का?" असे विचारले की आपला माणूस "छे!" म्हणतो. मी आता विचारतो, "झोप लागते का रे? रात्री किती वाजता जाग येते?" या प्रश्नाला तो खरे उत्तर देतो.

त्या लेथवाल्याचे कंत्राट आम्ही वाचवू शकलो नाही, हे कबूल करतो. औषधाने कंत्राट कायम होत नाही. त्यासाठी लढावेच लागते. पण उपचाराने त्याची झोप परत आली, आणि झोपलेल्या माणसालाच दुसऱ्या दिवशी नवे काम शोधण्याचे बळ येते. ते त्याने शोधले.

आज घरी गेल्यावर ज्याच्याबद्दल "त्याचे काही म्हणणेच नसते" असे आपण अभिमानाने सांगता, त्याच्याजवळ दोन मिनिटे बसा. एवढे सांगून आपली रजा घेतो.