आधी मूल, मग कागद

पुण्यातल्या एखाद्या शाळेच्या ऑफिसात आधार कार्ड नसलेलं परदेशी कुटुंब मुलाचा हात धरून येतं, तेव्हा टेबलामागच्या माणसाला बहुधा मदत करायचीच असते. त्याला धास्ती असते ती नियम मोडल्याचा ठपका बसण्याची. पण ज्या नियमाला तो भीत असतो, तो पुष्कळदा कुठेच लिहिलेला नसतो. ऐकीव समजुतींनी अडवलेलं मूल कायद्याने अडवलेल्या मुलाइतकंच शाळेबाहेर राहतं, म्हणून या समजुती एकदा नीट तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज : निर्वासितांचा प्रश्न दिल्लीचा किंवा सीमेवरच्या राज्यांचा, पुण्याचा त्याच्याशी काय संबंध?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं मुख्य कार्यालय दिल्लीत आहे, हे खरं. पण थंडीत पुण्यात लोकरीचे कपडे विकणारी तिबेटी कुटुंबं आपण वर्षानुवर्षं पाहतो आहोत. तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत तर महाराष्ट्रातच, आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, १९७२ पासून आहे. पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण तरुणांची परतीची वाट ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर अवघड झाली. त्याही आधी, फाळणीनंतर, सिंधी कुटुंबं पिंपरीच्या छावणीत उतरली आणि तिथलीच झाली. काश्मीरमधल्या हिंसाचाराची झळ लागलेली मुलं कायद्याच्या अर्थाने निर्वासित नव्हेत. तरी ‘सरहद’ संस्थेने त्यांना पुण्यात आणून शिकवलं, त्या कामातून घर सुटलेल्या मुलाला काय काय लागतं हे या शहराने जवळून पाहिलं आहे.

गैरसमज : भारतात निर्वासितांसाठी कायदाच नाही, म्हणून या मुलांना हक्कही नाहीत.

यातलं पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि देशात त्यासाठी स्वतंत्र कायदाही नाही. कोणाला देशात राहू द्यायचं, हे सरकार परकीय नागरिकांच्या कायद्यानुसार ठरवतं. पण दुसरं अर्धं वाक्य चूक आहे. संविधानातलं कलम २१ ‘व्यक्ती’च्या जीविताचं रक्षण करतं, त्यात नागरिकत्वाची अट नाही. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हेच सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली आणि तिचं कलम २२ निर्वासित मुलांविषयीच आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ मध्ये ‘बालक’ म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. कुठल्या देशाची, हा प्रश्न त्या व्याख्येत नाही.

म्हणजे आईवडिलांच्या वास्तव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागो. तोवर मुलाला ताप येतो, भूक लागते, त्याचं शाळेचं वय निघून जातं. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणं ही माझ्या मते या साऱ्या कामाची पहिली पायरी आहे.

गैरसमज : आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर शाळा प्रवेश देऊ शकत नाही.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलासाठी आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. मधली वर्षं बुडाली असतील तर मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचं, असं कलम ४ सांगतं. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीच्या बाकावर बसवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांचा विषय सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा मुलांनी आधी सरकारी शाळांकडे प्रवेश मागावा आणि नाकारला गेला तर उच्च न्यायालयात जावं, असं न्यायालयाने म्हटलं.

दाखल झाल्यावर भाषेची खरी कसोटी सुरू होते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे आणि ती या मुलांनाही यायला हवी, कारण रस्त्यावरची, खेळातली, शेजारची भाषा तीच आहे. पण घरी दरी किंवा पश्तो बोलणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यापासून परीक्षेच्या मापाने मोजलं, तर ते शाळा सोडेल. आणि आठवी पूर्ण झाली की मोफत शिक्षणाची हमीही संपते. नववी-दहावीची फी भरता आली नाही की मुलगा कामाला लागतो आणि मुलगी घरी बसते.

गैरसमज : जन्मदाखला दिला म्हणजे नागरिकत्व दिलं.

या भीतीपोटी नोंदणीच टाळली जाते आणि मुलाचं नुकसान होतं. १९६९ च्या कायद्याप्रमाणे इथे झालेला प्रत्येक जन्म नोंदवायचा असतो, मुदत २१ दिवसांची. दाखला सांगतो ते फक्त मूल कधी आणि कुठे जन्मलं एवढं. नागरिकत्व ठरतं १९५५ च्या कायद्यावर. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघेही भारतीय असावे लागतात, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. नोंदणीच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी हा दाखलाच जन्माच्या तारखेचा आणि ठिकाणाचा मुख्य पुरावा झाला आहे. आज टाळलेली नोंद पुढे प्रत्येक खिडकीवर आडवी येईल.

गैरसमज : बाल कल्याण म्हणजे मुलाला संस्थेत ठेवणं.

ही समजूत सर्वांत घातक आहे, कारण ती दोन्हीकडे घट्ट बसली आहे. यंत्रणेला वाटतं, बालगृहात टाकलं की मूल सुरक्षित झालं. कुटुंबाला वाटतं, बाल कल्याण समितीसमोर गेलो की मूल हिरावलं जाईल, म्हणून ते लपतं आणि मारहाण, आजारपण, उपासमार यातलं काहीच कोणाला सांगत नाही. बालन्याय अधिनियमाच्या कलम ३ मध्ये मात्र संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. सापडलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे आणायचं, घरची परिस्थिती तपासायची आणि शक्य असेल तर मूल घरीच ठेवून देखरेख करायची, असा हा मार्ग आहे. समितीत अध्यक्षांसह पाच जण असतात आणि निदान एक महिला असावीच लागते.

मुलांना आपल्या माणसांतच ठेवणं महाराष्ट्राला नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दीत हाकलले गेलेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. आया मुलांसह बराकींत राहात होत्या. आईवडील नसलेल्या मुलांचं वसतिगृहही छावणीतच, आपल्या भाषेच्या माणसांत होतं. पोलिश शाळा होत्या, दवाखाना, चर्च, स्काउट पथकं होती. जामनगरजवळच्या बालाचडी छावणीतली पोलिश मुलंही १९४६ मध्ये इथे आली. खर्चाचा भार लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारने उचलला होता, त्यामुळे आजची तुलना तंतोतंत होत नाही. पण मुलं आपल्या माणसांत राहिली आणि १९४८ पर्यंत पांगली तेव्हा शिकलेली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी वॉर्सात ज्या कोल्हापूर स्मारकाला वंदन केलं, ते याच छावणीच्या आठवणीतलं.

आज मूल घरीच राहावं यासाठी केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून २,२५० रुपये मिळू शकतात. पण अर्जाबरोबर आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला मागतात आणि कागद नसलेलं कुटुंब तिथेच अडतं. एवढ्या रकमेअभावी मूल संस्थेत गेलं तर सरकारचा खर्चही वाढतो आणि मुलाचं घरही जातं. या कुटुंबांसाठी पर्यायी पुरावे कोणते चालतील हे शासनाने लेखी सांगायला हवं. महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यातच आहे, सुरुवात इथूनच व्हावी.

दुसरी गोष्ट दुभाष्यांची. बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसंबंधीच्या २०२० च्या नियमांनुसार दुभाष्यांची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची असते. पुण्यासारख्या विद्यापीठाच्या शहरात दरी, पश्तो, तिबेटी जाणणारे तरुण मिळू शकतात. त्यांना थोडं प्रशिक्षण देऊन, मानधन ठरवून त्यांची नावं त्या वहीत घेता येतील. आज समितीपुढे आलेल्या मुलाचं म्हणणं त्याच्या बापाने किंवा मोठ्या भावाने भाषांतर करून सांगायचं असेल, तर घरात त्याच्यावर काय गुदरतं ते समितीला कधीच ऐकू येणार नाही. १०९८ या बाल मदतवाहिनीवर फोन करणाऱ्या मुलाला तो कोणती भाषा बोलतो हे पहिल्या मिनिटात विचारण्याची सवय आणि त्या भाषेच्या माणसाचा क्रमांक, या दोन गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही.