परसातला पेरू आणि मृग बहार

पेरूला फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे हलकी छाटणी टाळणे म्हणजे फळांना मुकणे होय. पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात १९२७ साली निवडलेल्या ‘सरदार’ वाणाचे दाब कलम, म्हणजे मातीत दाबलेल्या फांदीला मुळ्या फुटून तयार झालेले रोप, घरासाठी उत्तम ठरते. पावसाळी फळे पांचट लागतात व त्यांत फळमाशीच्या अळ्या पडतात. म्हणून मृग बहार, म्हणजे जून-जुलैचा फुलोरा, धरणे केव्हाही श्रेयस्कर, कारण त्याची फळे थंडीत गोड व घट्ट गराची होतात. त्यासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, पाने पिवळी पडून गळू लागली तरी धीर सोडू नये आणि पावसाच्या तोंडावर आळ्यात शेणखत घालून पाणी सुरू करावे. कुंडीतल्या झाडाला मात्र इतका कडक ताण सोसत नाही.