दुभाष्याचे श्रम

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणारे ग्राफिक्स कार्ड बसविणे सोपे की अवघड, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा वाटतो. कामगार संघटनेत उमर घालविलेल्या आम्हा मंडळींना त्यात दुसराच प्रश्न दिसतो. हे सोपेपण कोणाच्या श्रमातून येते आणि त्याची किल्ली कोणाच्या हाती राहते?

प्रथम वस्तू समजून घेऊ. आमच्या साक्री तालुक्यात पूर्वेकडे अहिराणी चालते. पश्चिमेच्या डोंगराकडे वळलात की कोकणी, भिल्ल, मावची यांच्या बोली कानी पडतात. कचेरीतला कारकून आणि डोंगरातला मजूर दोघेही शहाणे असले, तरी मध्ये दुभाषा नसेल तर काम अडते. संगणकातही तसेच आहे. कार्डाची भाषा एक, संगणक चालविणाऱ्या मूळ प्रणालीची दुसरी. दोहोंमधला दुभाषा म्हणजे 'ड्रायव्हर' हा छोटा प्रोग्रॅम. कार्ड खाचेत बसविणे हे पाच मिनिटांचे काम. खरा प्रश्न दुभाष्याचा.

विंडोजमध्ये हा दुभाषा कार्ड बनविणारी कंपनीच देते. विंडोजने आपला सांधा बराचसा स्थिर ठेवला आहे, म्हणून एकदा घडविलेला दुभाषा वर्षानुवर्षे चालतो. इंटरनेट जोडले की बहुधा तो आपोआप येऊन बसतो.

मॅकमध्ये यंत्र आणि प्रणाली दोन्ही ॲपलचीच. बसवायचे काही उरतच नाही. पण बदलायचेही काही उरत नाही. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून एन्व्हिडियाच्या नव्या कार्डांना तेथे दुभाषा मिळाला नाही, आणि २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील यंत्रांत बाहेरचे ग्राफिक्स कार्ड चालतच नाही.

लिनक्सची तऱ्हा निराळी. तेथे दुभाषे प्रणालीच्या गाभ्यातच राहतात. इंटेलचा तेथे पूर्वीपासून आहे. एएमडीचा आजचा दुभाषा २०१५ साली आला. म्हणून ही कार्डे लावताच चालतात. एन्व्हिडियाने मात्र आपला दुभाषा बाहेर आणि कुलूपबंद ठेवला. गाभ्याचा आतला सांधा सतत बदलतो. प्रत्येक बदलाबरोबर बाहेरचा दुभाषा पुन्हा जुळवावा लागतो, आणि तो चुकला की पडदा काळा! २०१२ साली लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी भर सभेत या कंपनीला शिवी हासडली, ती याच रागातून. पुढे २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने गाभ्याशी बोलणारा भाग खुला केला; बाकीचा बराच अजून बंद आहे.

मग एन्व्हिडिया आणि लिनक्स यांचे जमतच नाही काय? तसेही नाही. अमेरिकेने प्रबळ महासंगणक नाकारला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' घडला. त्याच सी-डॅकचा २०२० सालचा 'परम सिद्धी' लिनक्सवर चालतो, आणि त्यातली कार्डे एन्व्हिडियाची आहेत. तेथे ते सुरळीत चालते, कारण देखभालीला पगारी, जाणते हात आहेत. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानदाराजवळ ते हात नाहीत.

म्हणजे सोपेपण आकाशातून पडत नाही. विंडोजवर ते श्रम कंपनीचा नोकरदार करतो, लिनक्सच्या गाभ्यात कंपन्यांचे अभियंते आणि स्वयंसेवक मिळून करतात. जेथे कोणीच करीत नाही, तेथे ते गिऱ्हाइकाच्या माथी येतात. कंपनीचे श्रम थांबले की चांगले यंत्रही भंगारात जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि धडधाकट असूनही कित्येक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. उघड्या दुभाष्याचे मोल येथे कळते: कंपनीने हात काढला तरी दुसऱ्या कोणाला तो सांभाळता येतो.

म्हणून जुने यंत्र फुंकून टाकण्यापूर्वी एक करा. पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन, काही न पुसता, ते चालवून पाहा. चित्र नीट दिसले तर यंत्र अजून कामाचे आहे. आणि नवे कार्ड घेताना किंमतीबरोबर हेही विचारा, की याचा दुभाषा कोणाच्या पदरी आहे? हत्यार आपले आणि परवानगी दुसऱ्याची, ही स्थिती कामकरी माणसाने डोळे मिटून पत्करू नये.