पहिला गेमिंग पीसी : काय घ्यावं, काय टाळावं

सुरुवातीलाच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठीत निबंध लिहायची वेळ दहावीनंतर आत्ताच येतेय. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण गेल्या वर्षभरात आमच्या विंगमधल्या निदान दहाजणींनी "पीसी कसा जुळवलास गं?" हा एकच प्रश्न विचारलाय आणि प्रत्येकीला तेच तेच सांगून माझा घसा बसलाय. म्हणून हा लेख. यापुढे कोणी विचारलं तर सरळ पान नंबर सांगणार!

तर झालं असं. सेकंड इयरची परीक्षा संपली आणि मे २०२५ मध्ये माझ्या हातात ६५,००० रुपये होते. त्यातले २५,००० मी दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले. उरलेले ४०,००० आजीच्या मोडलेल्या एफडीचे. "इंजिनिअर होतेयस, चांगलं मशीन घे" एवढंच ती म्हणाली. आता आजीचे पैसे म्हटल्यावर चूक करायची सोय नव्हती. बाबांचं म्हणणं, सरळ लॅपटॉप घ्यावा. माझं म्हणणं, त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, कॅडचं काम होतं, गेम चालतात आणि उद्या एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. "तेवढाच भाग बदलता येतो" हे वाक्य त्यांना लगेच पटलं. केस जिंकली!

उलटीकडून सुरुवात करा

बहुतेकजण दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतात, "प्रोसेसर कुठला चांगला?" मीही तेच करणार होते. पण खरा पहिला प्रश्न आहे, कुठले गेम खेळणार आणि कुठल्या स्क्रीनवर?

साधा हिशोब बघा. १९२० गुणिले १०८० च्या स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात. २५६० गुणिले १४४० वर सुमारे ३६.९ लाख. आणि फोर-के वर सुमारे ८३ लाख, म्हणजे बरोब्बर चौपट. प्रत्येक फ्रेमला एवढे ठिपके रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झची असेल तर जेमतेम ७. म्हणजे मॉनिटर ठरला की कार्ड ठरतं, कार्डावरून प्रोसेसर, प्रोसेसरवरून मदरबोर्ड, मदरबोर्डवरून रॅम आणि सगळ्यांची बेरीज करून एसएमपीएस. मी २४ इंची, १०८० चा मॉनिटर ठरवला आणि अर्धे प्रश्न तिथेच सुटले.

ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर

या दोघांतला फरक आपल्या मेसवरून समजून घ्या. प्रोसेसर म्हणजे मुख्य आचारी. संख्येने थोडे, पण कुठलाही पदार्थ करू शकणारे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एका रांगेत बसून पोळ्या लाटणाऱ्या शेकडो बायका. प्रत्येकीचं काम साधं, पण एकदम हजार पोळ्या निघतात. पिक्सेल रंगवणं हे पोळ्या लाटण्यासारखंच काम आहे. शत्रू कुठून येणार, गोळी लागली की नाही, हे ठरवणं आचाऱ्याचं.

आचारी ढिला असेल तर पोळीवाल्या बसून राहतात. पोळीवाल्या कमी असतील तर आचारी बसून राहतो. यालाच सगळे 'बॉटलनेक' म्हणतात. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये आचाऱ्यावर जास्त भार येतो, सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये पोळीवाल्यांवर. म्हणून एकाच भागावर सगळे पैसे उधळू नयेत. तरीही गेमिंगसाठी जोडताना सगळ्यात मोठा वाटा, साधारण एक तृतीयांश, कार्डाला द्यावा.

मी रेडिऑन आरएक्स ६६०० घेतलं. २०२१ चं कार्ड, ८ जीबी मेमरी, वीज १३२ वॅट. १०८० साठी पुरेसं. एनव्हिडियाचं २०२३ मध्ये आलेलं आरटीएक्स ४०६० याच्यापेक्षा वेगवान आहे आणि वीजही कमी खातं, ११५ वॅट. पण ते माझ्या बजेटच्या बाहेर होतं. अंथरूण पाहून पाय पसरले.

प्रोसेसर घेतला रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, २०२२ चा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, जी मी ठेवली नव्हती. प्रोसेसरच्या नावातलं शेपूट नीट वाचायचं! साध्या ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. इंटेलच्या नावाला शेवटी 'एफ' असेल तर त्यातही नाही. याची शिक्षा मला पुढे मिळाली. सांगते.

मदरबोर्ड : सोयरीक जुळतेय का बघा

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट जुळलं नाही तर पैसे पाण्यात. माझा प्रोसेसर एएम४ सॉकेटचा. रायझन ७००० आणि त्यापुढचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर बसतात आणि त्यांना डीडीआर५ रॅमच लागते. इंटेलची बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी एलजीए १७०० वर बसते. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जोर लावू नका, मोडेल.

मग एएम४ जुनं असताना मी ते का घेतलं? कारण एएम५ चा बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर मिळून जो फरक पडत होता तो कार्डातून कापावा लागला असता. तोटाही सांगते. दोनतीन वर्षांनी मला मोठी उडी मारायची झाली तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही बदलावे लागतील. तुमच्याकडे आठदहा हजार जास्त असतील तर एएम५ चा विचार नक्की करा.

आणखी एक. जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर बसवला तर बोर्डाचा बायॉस अपडेट लागू शकतो, नाहीतर मशीन चालूच होत नाही. दुकानदाराला आधीच विचारा, "हा प्रोसेसर या बोर्डवर आहे तसा चालेल ना?" आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

रॅम आणि एसएसडी

१६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देऊ शकते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर दोन रस्ते उघडतात, म्हणजे ५१.२. चार खाचांच्या बोर्डवर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवायच्या असतात, तरी बोर्डाचं पुस्तक उघडून बघा. आणि बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू करा. नाहीतर ३२०० चे पैसे देऊन रॅम त्याहून कमी वेगाने पळत राहते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

एसएसडी एम.२ एनव्हीएमई घ्या. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते, एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढे सहज जाते. मात्र गैरसमज नको. एसएसडीने गेम लवकर उघडतो, फ्रेम वाढत नाहीत.

एसएमपीएस : इथे कंजुषी नको

आता मुद्द्याची गोष्ट. आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरजेहून मुंबईला गेलो, डोंबिवलीला मावशीकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. एका दुकानात सगळं ठरत आलं. तेवढ्यात दुकानदार बाबांकडे बघून (माझ्याकडे नाही हं!) म्हणाला, "साहेब, या कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट आहे. चार हजार वाचतात. त्यात थोडे घातले की मुलीला मोठं कार्ड बसतं." खोटं कशाला बोलू, मी विरघळले. मोठं कार्ड!

बाबांनी तो फुकटचा डबा हातात घेतला, वजन बघितलं आणि मला विचारलं, "यावर पाचशे वॅट लिहिलंय. तुझी सगळी बेरीज किती?" मी म्हटलं, "प्रोसेसर पाऊणशे, कार्ड १३२, बाकी पन्नास धरा. अडीचशेच्या आसपास." "मग हा पुरतो ना? मग नको का म्हणतेयस?" मला उत्तर येईना. आणि मग आठवलं.

आमच्या एका सीनियरचा असाच जुळवलेला पीसी होता. एका पावसाळी रात्री लाइट दोनतीनदा गेली-आली आणि मशीन बंद पडलं. एसएमपीएस एकटा गेला नाही. बोर्ड गेला आणि हार्ड डिस्कही. त्या डिस्कवर त्याचं फायनल इयरचं प्रोजेक्ट होतं, सबमिशनला नऊ दिवस उरलेले आणि दुसरी कॉपी नाही. त्या नऊ दिवसांत मी त्याला मेसमध्ये एकदाही पाहिलं नाही.

हे मी बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "गाडी इंजिनाने पळते, पण जीव ब्रेकवर असतो. हे नको."

कारण असं की एसएमपीएसचं काम नुसती वीज देणं नाही. २३० व्होल्ट एसीचे १२ व्होल्ट डीसी करणं, ते स्थिर ठेवणं आणि काही बिघडलं तर आधी स्वतः बंद होणं, हे त्याचं काम. चांगल्यात जास्त व्होल्टेज, जास्त करंट आणि शॉर्ट सर्किट यांच्यापासून संरक्षण असतं. स्वस्तात बरेचदा तेच कापलेलं असतं. '८० प्लस ब्राँझ' म्हणजे निम्म्या लोडवर निदान ८५ टक्के कार्यक्षमता. पण हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे, संरक्षणाचा नाही. म्हणून खोक्यावर संरक्षणांची यादी आणि वॉरंटीची वर्षं दोन्ही वाचा. आणि अडीचशेच्या मशीनला ५५० का? कारण कार्ड क्षणभर त्याच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, आणि उद्या मोठं कार्ड घ्यायला जागा राहते.

कॅबिनेटचं थोडक्यात सांगते. पुढून हवा आत, मागून बाहेर, पुढे जाळी. चमचमत्या दिव्यांसाठी जास्त पैसे देणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

माझं बिल

प्रोसेसर ९,०००, बोर्ड ८,५००, कार्ड २०,०००, रॅम ३,६००, एक टीबी एसएसडी ५,०००, एसएमपीएस ४,२००, कॅबिनेट ३,२००, मॉनिटर ९,०००, कीबोर्ड-माउस १,५००. एकूण ६४,०००. उरलेल्या हजारात दोघांचं जेवण आणि आजीला एक शाल. हे भाव मे २०२५ चे आहेत. त्याच वर्षाच्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम चांगलीच महागली. त्यामुळे माझे आकडे दुकानदाराच्या तोंडावर फेकू नका, तो हसेल! प्रमाण मात्र लक्षात ठेवा. आणि पक्कं जीएसटी बिल घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच कामी येतं.

आणि तो काळा पडदा

घरी जेवणाच्या टेबलावर सगळं जोडलं. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवा लागला आणि स्क्रीन... काळी! माझ्या पोटात गोळा. आजी समोरच बसलेली. रॅम काढून परत बसवली, वायरी तपासल्या, पाऊण तास गेला. शेवटी बाबांनी विचारलं, "ही मॉनिटरची वायर बोर्डात का? कार्डाला पण तसंच भोक आहे की." झालं! प्रोसेसरला अंगचं ग्राफिक्सच नाही, तर बोर्डाच्या भोकातून चित्र येणार कुठून? वायर कार्डात लावली आणि चित्र आलं. तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्या आमच्या कझिनला फोन करायचा वाचला.

होस्टेलवर आणताना रेक्टर मॅडमना वाटलं, विंगचा फ्यूज उडणार. मी लिहून दिलं की पाणी तापवायचा एक रॉड १,५०० वॅट खातो, माझं मशीन मॉनिटरसकट गेम चालू असताना तीनशेच्या आत. परवानगी मिळाली. (रॉडवाल्यांची चौकशी सुरू झाली, त्याबद्दल माफी!) प्लग मात्र अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटमध्येच लावते.

दर रविवारी आजी फोनवर विचारते, "मशीन बरं आहे ना?" बरं आहे, आजी. आणि हो, प्रोजेक्टची कॉपी मी दोन ठिकाणी ठेवते. तुम्हीही ठेवा.